नऊ तास आणि दहा दिवस

१९६३ साली इंग्लंडमधील एका निर्मितीसंस्थेने महात्मा गांधींच्या हत्येवर एक रंगीत, भव्य पडद्याचा चित्रपट काढला. त्याचे नाव ‘नाइन अवर्स टु रामा’. गांधीजींच्या मुखातील अखेरच्या रामनामापर्यंतचे नऊ तास, असा त्या नावाचा आशय. अमेरिकन इतिहासकार स्टॅन्ली वोल्पर्ट यांनी १९६२ मध्ये लिहिलेल्या त्याच नावाच्या कादंबरीवर तो बेतला होता. भारत सरकारने आधी कादंबरीवर आणि मग चित्रपटावर बंदी घातली. त्यामुळे आपल्याकडील चित्रपटगृहांत तो आला नाही, आणि आमच्या पिढीतील बहुतेकांनी त्याचे केवळ नाव ऐकले. पुढे ध्वनिचित्रफिती निघाल्या, संगणक आले, आणि बंदीच्या भिंतीला आपोआप भोके पडली. आम्ही तो पाहिला तो असाच, छोट्या पडद्यावर, आणि एकदा नव्हे तर तीनदा.

या त्रैमासिकाच्या वाचकांसमोर साठ वर्षांपूर्वीचा एक विस्मृत चित्रपट ठेवण्याचे कारण काय, असा प्रश्न कोणी विचारील. कारण असे की हा चित्रपट म्हटला तर गांधीजींवर आहे, म्हटला तर नथुराम गोडसेवर आहे. परंतु त्याचा सांगाडा मात्र पोलीस तपासाच्या चित्रपटाचा आहे. एक अधिकारी एका माणसाला शोधतो आहे, घड्याळाचा काटा पुढे सरकतो आहे, आणि शोध पुरा होण्याआधीच गोळ्या सुटतात. महाराष्ट्रातील माणसांनी रचलेल्या कटाचा आणि महाराष्ट्रातील पोलिसांच्या हातून निसटलेल्या धाग्यांचा हा विषय आहे. परक्यांनी तो कसा सांगितला आणि कागदपत्रे काय सांगतात, हे ताडून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटले.

प्रथम त्या सांगाड्याविषयी थोडे. पोलीस ठाण्याच्या दैनंदिन कामाभोवती गुंफलेला चित्रपट हा प्रकार युद्धोत्तर इंग्लंडने मोठ्या प्रेमाने जोपासला. त्याचा आदर्श नमुना म्हणजे १९५० सालचा ‘द ब्ल्यू लॅम्प’. बेसिल डिअर्डन हे त्याचे दिग्दर्शक, आणि पटकथा टी. ई. बी. क्लार्क यांची. हे क्लार्क युद्धकाळात स्वतः राखीव पोलीस शिपाई म्हणून राबलेले होते. जॅक वॉर्नर या नटाने रंगवलेला जॉर्ज डिक्सन हा निवृत्तीकडे झुकलेला साधा शिपाई त्यात एका उनाड तरुणाच्या गोळीला बळी पडतो. तो तरुण म्हणजे डर्क बोगार्ड. पुढचा सगळा चित्रपट म्हणजे त्या खुन्याचा माग. कालव्यात फेकलेले पिस्तूल एका लहान मुलीमुळे हाती लागते. कोणी काही ऐकलेले असते, कोणी काही पाहिलेले असते, आणि ते सारे ठाण्यातील टेबलावर येऊन पडते. शेवटी कुत्र्यांच्या शर्यतीच्या मैदानावर हजारोंच्या गर्दीत तो सापडतो, आणि त्याला घेरण्यास चक्क गुन्हेगारी जगातील मंडळीही पोलिसांना हात देतात. सारा समाज एका बाजूला आणि एक चुकार जीव दुसऱ्या बाजूला, अशी ही मांडणी. भाबडी आहे, पण भाबडेपणात एक श्रद्धा आहे: लहानशी माहिती जर वेळेवर योग्य माणसाच्या कानी गेली तर अनर्थ टळतो किंवा निदान न्याय होतो. प्रेक्षकांना तो डिक्सन इतका आवडला की चित्रपटात मेलेल्या या शिपायाला दूरचित्रवाणीने जिवंत केले, आणि १९५५ ते १९७६ अशी एकवीस वर्षे तो तेथे गस्त घालीत राहिला.

याच क्लार्क यांनी पुढे १९५८ मध्ये ‘गिडिअन्स डे’ लिहिला. त्याचे दिग्दर्शक जॉन फोर्ड, आयरिश कॅथलिक घराण्यातले आणि अमेरिकेच्या पश्चिमेकडील घोडेस्वारांच्या चित्रपटांसाठी जगभर गाजलेले. स्कॉटलंड यार्डमधील एका अधिकाऱ्याचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा एक दिवस, एवढाच त्याचा विषय. एका दिवसात कथा बसवण्याची ही रीत लक्षात ठेवावी. ‘नाइन अवर्स टु रामा’ने तीच उचलली आहे, फक्त दिवस ३० जानेवारी १९४८ हा आहे, आणि शेवट प्रेक्षकाला आधीच ठाऊक आहे.

शेवट ठाऊक असूनही जीव टांगणीला लागतो, हे या चित्रपटाचे पहिले बळ. दिग्दर्शक मार्क रॉब्सन हे चांगले कारागीर. ‘इन ऑफ द सिक्स्थ हॅपिनेस’ या त्यांच्याच १९५८ सालच्या चित्रपटात चीनमध्ये गेलेल्या मिशनरी बाईंची भूमिका इन्ग्रिड बर्गमन यांनी केली होती. रॉब्सन यांना गर्दी हाताळता येते. त्यांनी बाहेरची दृश्ये भारतात येऊन चित्रित केली, आणि त्या गर्दीतील चेहरे, त्या भिंती, तो धुरकट हिवाळी प्रकाश यांना खोटेपणाचा वास नाही. आरंभीची श्रेयनामावली सॉल बास यांनी केली आहे. घड्याळाची टिकटिक आणि त्याची चक्रे एवढ्यावर त्यांनी सगळा ताण उभा केला, आणि तो उत्तम साधला आहे.

दुसरे बळ म्हणजे गांधीजी. ती भूमिका जे. एस. कश्यप यांनी केली. थोडीच दृश्ये, थोडेच बोलणे. अ‍ॅटनबरोंच्या १९८२ सालच्या चित्रपटातील बेन किंग्जली यांची कीर्ती त्यांना लाभली नाही, पण आमच्या मते कश्यप यांच्या चालण्यात आणि हसण्यात एक थकलेला, खरा म्हातारा माणूस दिसतो. पुतळा दिसत नाही. भोवतीच्या लहान भूमिकांत पी. जयराज आणि डेव्हिड ही आपल्या मुंबईच्या पडद्यावरील ओळखीची मंडळी दिसली की बरे वाटते.

तिसरे बळ अधिक महत्त्वाचे. गांधीहत्येची गोष्ट ही पोलिसांचीही गोष्ट आहे, हे या चित्रपटाने ओळखले. अ‍ॅटनबरोंच्या भव्य चित्रपटात हत्येने सुरुवात होते आणि हत्येनेच अखेर होते. पण ती टाळता आली असती का, हा प्रश्न तेथे उभाच राहत नाही. ‘नाइन अवर्स टु रामा’त तो पहिल्यापासून उभा आहे. होजे फेरेर यांनी रंगवलेला पोलीस अधीक्षक गोपाल दास हा गांधीजींनी संरक्षण घ्यावे म्हणून धडपडतो आणि गांधीजी नाकारतात. हे सत्याला धरून आहे. प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घेण्यास गांधीजींचा विरोध होता, आणि सरकारनेही त्यांच्या शब्दाबाहेर जाण्याचे टाळले. (‘जोन ऑफ आर्क’ या १९४८ सालच्या चित्रपटात डरपोक राजपुत्र झालेले फेरेर ज्यांनी पाहिले असतील, त्यांना या कर्तव्यकठोर अधीक्षकात ते ओळखूही येणार नाहीत.)

येथवर स्तुती झाली. आता उणे बाजू, आणि ती जड आहे.

नथुरामाच्या भूमिकेत हॉर्स्ट बुखहोल्ट्स हा देखणा जर्मन नट आहे. आपटेच्या भूमिकेत कॅनडाचा डॉन बोरिसेन्को. वेल्समधील व्हॅलेरी गिअरन ही राणी नावाची हिंदू विवाहिता झाली आहे, आणि अमेरिकेची डायन बेकर ही शीला नावाची वेश्या. तोंडाला रंग फासून केलेली ही सोंगे त्या काळी चालून गेली. त्याबद्दल रागावण्यापेक्षा आम्हांस हसूच अधिक आले. पुण्याच्या सदाशिव-शनिवारातील एका संपादकाच्या बोलण्याचा, पेहरावाचा, घरातील भांड्याकुंड्यांचा काही मागमूस या चित्रपटात नाही. असो.

खरी चूक रंगाची नाही, कारणमीमांसेची आहे. चित्रपटातला नथुराम मुसलमानांच्या हातून आपली माणसे गमावतो, त्या दुःखाने पेटतो, एका जहाल संघटनेच्या हाती लागतो, मध्येच परस्त्रीच्या प्रेमात पडतो, आणि अखेर गोळ्या झाडल्यावर आपण काय केले या जाणिवेने हादरतो. यातील जवळजवळ काहीच खरे नाही. १९१० साली बारामतीस जन्मलेल्या नथुरामाचे वडील टपाल खात्यात नोकरीस होते आणि हत्येच्या वेळी हयात होते. मुलाच्या दयेसाठी आईवडिलांना अर्ज करावा लागला. तो अविवाहित होता. न्यायालयात त्याने पश्चात्ताप दाखवला नाही. उलट दीर्घ निवेदन करून आपल्या कृत्याचे समर्थन केले.

लेखकाला कल्पनास्वातंत्र्य असते हे आम्ही जाणतो. पण कल्पना कोठे वळली ते पाहावे. व्यक्तिगत जखम दाखवली की द्वेष समजण्याजोगा होतो, आणि विचार म्हणून त्याचा हिशेब मागण्याची गरज उरत नाही. प्रत्यक्षात हा कट रचणाऱ्यांपैकी मदनलाल पाहवा हा फाळणीत होरपळलेला निर्वासित होता; त्याच्यापुरती ही मीमांसा थोडीफार लागू पडेल. गोडसे आणि आपटे यांच्या घराला फाळणीची झळ लागलेली नव्हती. नारायण आपटे हा तर काही काळ अहमदनगरच्या अमेरिकन मिशन हायस्कुलात शिक्षक होता. बायबलचे धडे जेथे सकाळी कानी पडत त्या वास्तूत वावरलेला हा मनुष्य होता, ही गोष्ट आपण ख्रिस्ती लोकांनी थोडी थांबून विचार करण्याजोगी आहे. त्यांचा द्वेष अनुभवातून आला नव्हता. तो छापील शब्दांतून, भाषणांतून, वर्षानुवर्षांच्या सवयीतून आला होता. वोल्पर्ट यांना हे कळत नव्हते असे म्हणवत नाही. टिळक आणि गोखले यांच्यावरचा त्यांचा अभ्यासग्रंथ याच १९६२ सालचा, आणि पुण्याचे राजकीय वातावरण त्यांनी बारकाईने वाचलेले होते. १२ फेब्रुवारी १९४८ रोजी, गांधीजींच्या अस्थिविसर्जनाच्या दिवशी, ते तरुणपणी जहाजावरून मुंबईस उतरले आणि तो जनसागर पाहून त्यांचे आयुष्यच भारताच्या इतिहासाकडे वळले. अशा जाणत्या माणसाने कादंबरी लिहिताना हातातले सत्य बाजूस ठेवले याचे नवल वाटते.

यापेक्षाही मोठी उणीव अधीक्षक गोपाल दास यांच्यात आहे. हा अधिकारी कल्पित आहे, आणि तो फार चांगला आहे. दिवसभर धावतो, कोणाचीही भीड धरत नाही, आणि केवळ काही क्षणांनी हरतो. ‘द ब्ल्यू लॅम्प’च्या परंपरेला असाच पोलीस हवा असतो. इतिहासाने मात्र असा अधिकारी पुरवला नव्हता. म्हणून नऊ तासांची गोष्ट बाजूस ठेवून दहा दिवसांची गोष्ट सांगणे प्राप्त आहे. ही गोष्ट चित्रपटापेक्षा संथ आहे, आणि आमच्या मते अधिक भयंकर आहे.

२० जानेवारी १९४८. दिल्लीतील बिर्ला भवनात सायंप्रार्थना चालू असता मदनलालने स्फोट घडवला. कोणी दगावले नाही. मदनलाल जागच्या जागी पकडला गेला आणि त्याचे साथीदार पळाले. चौकशीत त्याने करकरे याचे नाव घेतले, आणि पुण्याच्या एका हिंदुत्ववादी वृत्तपत्राच्या संपादकाचा उल्लेख केला. साथीदार मरिना हॉटेलात खोट्या नावांनी उतरले होते. तेथे धोब्याकडे दिलेले काही कपडे पोलिसांच्या हाती आले आणि त्यांवर तीन आद्याक्षरे होती: एन. व्ही. जी. आता मुंबई सरकार प्रांतातील वृत्तपत्रांची एक छापील यादी दरवर्षी काढीत असे. तीत ‘अग्रणी’, म्हणजे पुढचे ‘हिंदुराष्ट्र’, या पत्राचे संपादक एन. व्ही. गोडसे आणि मालक एन. डी. आपटे अशी नोंद होती. एका हाती कपडे आणि दुसऱ्या हाती यादी, इतकेच जुळवायचे होते. इंग्रजी तपासपटाच्या लेखकाला असा धागा मिळाला असता तर त्याने चित्रपटाचा मध्यबिंदू त्यावर उभा केला असता. येथे कोणीही ती यादी वेळेवर उघडली नाही.

दिल्ली पोलिसांचे दोन अधिकारी २१ तारखेस विमानाने मुंबईस आले आणि उपायुक्त नगरवाला यांना भेटले. त्या भेटीत काय बोलणे झाले याविषयी पुढे दोन्ही बाजूंनी परस्परविरोधी सांगितले. आम्ही संपादकाची माहिती दिली, असे दिल्लीकरांचे म्हणणे; दिली नाही, असे नगरवालांचे. इतके खरे की ते दोघे हात हलवीत परत गेले. नगरवाला हे हुशार आणि प्रामाणिक अधिकारी. पण गांधीजींना पळवून नेण्याचा हा कट असावा, अशा तर्कात ते काही काळ गुंतले.

पुण्याच्या गुप्तचर शाखेचे उपमहानिरीक्षक राणा हे योगायोगाने त्याच वेळी दिल्लीत होते. मदनलालचा जबाब त्यांच्या हाती देण्यात आला. विमानप्रवास त्यांना मानवत नसे, म्हणून ते आगगाडीने निघाले, आणि तेही अलाहाबादमार्गे. २७ तारखेस ते मुंबईला पोहोचले. त्याच २७ तारखेस गोडसे आणि आपटे विमानाने मुंबईहून दिल्लीस गेले. याहून अधिक बोलके दृश्य कोणत्या पटकथालेखकास सुचले असते? गोडसे आणि आपटे यांना चेहऱ्याने ओळखणारे पोलीस पुण्यात होते. त्यांपैकी एकालाही बिर्ला भवनाच्या दारात उभे करण्याचे कोणास सुचले नाही. दिल्लीत पोलीस महानिरीक्षक आणि केंद्रीय गुप्तवार्ता विभागाचे संचालक या दोन्ही खुर्च्यांवर संजीवी हे एकच गृहस्थ बसलेले होते, आणि मुंबईकडून काही कळेल या भरवशावर त्यांनी वाट पाहिली. ते दोघे दिल्लीहून ग्वाल्हेरला गेले, तेथे पिस्तूल मिळवले, २९ तारखेस दिल्लीला परतले आणि रेल्वे स्थानकाच्या विश्रांतिगृहात राहिले. ३० तारखेस सायंकाळी सव्वापाचच्या सुमारास तीन गोळ्या सुटल्या. फिर्याद तुघलक रोड ठाण्यात उर्दूत लिहून घेतली गेली.

या दहा दिवसांत एक माणूस मात्र स्वतः होऊन दारे ठोठावीत होता. माटुंग्याच्या रुईया महाविद्यालयातील प्राध्यापक जगदीशचंद्र जैन. मदनलाल हा निर्वासित तरुण त्यांची पुस्तके विकून पोट भरीत असे. गांधीजींना मारण्याचा बेत तो त्यांच्यापाशी आधीच बोलून गेला होता. जैन यांना ती एका पोळलेल्या मुलाची बढाई वाटली. २० तारखेच्या स्फोटाची बातमी वाचताच ते हादरले, आणि मुख्यमंत्री बाळासाहेब खेर व गृहमंत्री मोरारजी देसाई यांना जाऊन भेटले. मोरारजींनी त्याच रात्री मुंबई सेंट्रल स्थानकावर नगरवालांना बोलावून माहिती सांगितली. पण आपले नाव उघड करू नये अशी जैन यांची विनंती होती, आणि मोरारजींनी शब्द पाळून नाव सांगितले नाही. म्हणून तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला साक्षीदार कधी भेटलाच नाही. पुढे जैन यांनी या अनुभवावर पुस्तक लिहिले. आपण बापूंना वाचवू शकलो नाही, ही खंत त्याच्या नावातच आहे.

येथे पुन्हा ‘द ब्ल्यू लॅम्प’ आठवतो. तेथे लहान मुलीचे बोलणेही ठाण्यापर्यंत पोहोचते. येथे प्राध्यापक थेट मंत्र्यापर्यंत पोहोचतो, तरी त्याचे बोलणे ठाण्यापर्यंत पोहोचत नाही. आणि गंमत अशी की या साखळीतील कोणीही दुष्ट नाही. शब्द पाळणारा गृहमंत्री आहे, नियमाने चालणारा उपायुक्त आहे, प्रकृतीला जपणारा उपमहानिरीक्षक आहे, जिवाला भिणारा प्राध्यापक आहे. त्यांना एकेकट्याने दोषी म्हणावयास जीभ रेटत नाही. आपल्या मिस्सेच्या आरंभी आपण जी पापकबुली म्हणतो तीत विचार, शब्द आणि कृती यांच्या पाठोपाठ न केलेल्या कर्तव्याचाही उल्लेख येतो. बहुतेक जण तेवढा भाग भरभर म्हणून टाकतात, असा आमचा अनुभव आहे. संत याकोबाच्या पत्रातही चौथ्या अध्यायाच्या अखेरीस हेच सांगितले आहे: चांगले काय ते ठाऊक असून जो ते करत नाही, त्याच्याकडून पाप घडते. चोरी आणि खून यांचे चित्रपट होतात. या पापाचा चित्रपट करणे कठीण आहे, कारण पडद्यावर दाखवण्याजोगे त्यात काही घडतच नाही. रॉब्सन यांनी एक धावणारा अधीक्षक निर्माण केला आणि त्यासरशी हे सगळे पाप पुसले गेले. प्रेक्षक घरी जातो तो पोलिसांनी शर्थ केली, पण नियतीपुढे इलाज नव्हता, या समाधानात.

न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. चित्रपट निघाला तेव्हा सगळी कागदपत्रे खुली नव्हती. १९६४ च्या ऑक्टोबरात गोपाळ गोडसे, करकरे आणि मदनलाल शिक्षा भोगून सुटले. नोव्हेंबरात पुण्यात त्यांच्यासाठी एक समारंभ झाला, आणि त्यात ग. वि. केतकर यांनी या बेताची आपणास आगाऊ कल्पना होती असे सांगितले. त्यावरून विधिमंडळात आणि संसदेत वादळ उठले. आधी पाठक यांची, आणि त्यांच्यानंतर १९६६ मध्ये न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांची चौकशी आयोग म्हणून नेमणूक झाली. कपूर यांनी १०१ साक्षीदार तपासले, ४०७ दस्तऐवज पाहिले आणि १९६९ साली अहवाल दिला. वर सांगितलेले बरेच तपशील त्या अहवालामुळेच जगाला कळले. हे १९६३ मध्ये रॉब्सन यांच्या हाती असणे शक्य नव्हते. तथापि लाल किल्ल्यातील खटल्याचे न्यायाधीश आत्मा चरण यांनी १० फेब्रुवारी १९४९ च्या निकालपत्रातच २० ते ३० जानेवारीच्या दरम्यान पोलिसांनी दाखवलेल्या शिथिलतेवर बोट ठेवले होते. ते वाक्य उघड होते. ज्याला पाहायचे होते त्याला दिसले असते.

आणखी एक गाळलेली बाजू आम्हांस विशेष जाणवली, ती आमच्या ठिकाणामुळे. जालना-जिंतूर रस्त्यावरील आमचा देवगाव फाटा, किंबहुना सगळा परभणी जिल्हा, जानेवारी १९४८ मध्ये निजामाच्या अमलाखाली होता. नथुराम १९३८ मध्ये हैदराबाद संस्थानातील निःशस्त्र प्रतिकाराच्या चळवळीत तुकडी घेऊन आला होता आणि निजामाच्या तुरुंगात राहिला होता. दहा वर्षांनी आपटे मुंबईत पिस्तुले मागत फिरत होता तेव्हा ती हैदराबादसाठी हवीत असे तो सांगे. खटल्यातील साक्षींतून हे पुढे आले. रझाकारांच्या त्या दिवसांत अशा मागणीचे कोणास वावगे वाटले नसेल. म्हणजे आमच्या मुलखातील खऱ्या दुःखाचा बुरखा घेऊन ती शस्त्रे दुसरीकडेच चालली होती. त्याच वर्षी सप्टेंबरात भारतीय सैन्य या भागात शिरले आणि संस्थान विलीन झाले. लोक त्याला आजही ‘पोलीस अ‍ॅक्शन’ म्हणतात. पोलीस या शब्दाला इकडे जो अर्थ चिकटला आहे तो लंडनच्या निळ्या दिव्याशी जुळणारा नाही. चित्रपटात हैदराबादचा हा धागा असता, तर नथुरामाच्या खोट्या कौटुंबिक शोकांतिकेची गरजच पडली नसती.

शेवटच्या दृश्याबद्दल लिहिले पाहिजे. नथुराम हादरतो, गांधीजी शांतपणे कोसळतात, आणि क्षमेची एक छाया पडद्यावर पसरते. संगीत माल्कम आर्नल्ड यांचे. डोळे ओलावतात हे आम्ही नाकारीत नाही. पण ही क्षमा चित्रपटाला फार स्वस्तात मिळाली आहे. पश्चात्तापदग्ध माणसाला क्षमा करणे अवघड नसते. खरी गोष्ट पुढे, १९४९ साली घडली. गांधीजींचे पुत्र मणिलाल आणि रामदास यांनी गोडसे व आपटे यांची फाशी रद्द व्हावी म्हणून विनंती केली. ज्याने पित्याला मारले आणि त्याचा खेदही व्यक्त केला नाही, त्याच्यासाठी ही विनंती होती. ती मान्य झाली नाही. १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाला येथे दोघांना फाशी देण्यात आले. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ मध्ये धर्मशिक्षणग्रंथात दुरुस्ती करून मृत्युदंड अग्राह्य ठरवला, त्याच्या एकोणसत्तर वर्षे आधीची ही घटना आहे. आमच्या धर्मग्रामातील तरुणांपुढे या विषयावर बोलताना आम्ही चित्रपटाच्या शेवटाऐवजी या विनंतीचाच दाखला देतो.

मग हत्येनंतर पोलीस काय करू शकत होते? तेही पाहण्यासारखे आहे. दिगंबर बडगे पुण्यात लगेच सापडला आणि माफीचा साक्षीदार झाला. आपटे आणि करकरे १४ फेब्रुवारीस मुंबईत पकडले गेले. तपास त्याच नगरवालांकडे होता. जी यंत्रणा दहा दिवसांत दोन नावे जुळवू शकली नाही, तिनेच पुढे दोन आठवड्यांत बहुतेक सगळे आरोपी गोळा केले. क्षमता होती, माहिती होती, माणसे तीच होती. इंग्रजी चित्रपटातील पोलीस खून झाल्यावर कसे झटून काम करतात हे दाखवण्यात ‘द ब्ल्यू लॅम्प’पासून सगळे पटाईत. खून होण्याआधीचे काम मात्र कंटाळवाणे असते: यादी उघडणे, तार करणे, विमानात बसणे, एका प्राध्यापकाला खुर्ची देऊन पुन्हा सगळे ऐकून घेणे.

बंदीविषयी एवढेच म्हणावेसे वाटते की तिने चित्रपटाला उगाच मोठेपण दिले. तो येथे लागला असता तर बुखहोल्ट्स यांचा नथुराम पाहून पुण्याच्या प्रेक्षकांनी आठवड्याभरात त्याचा निकाल लावला असता, आणि काही जाणत्यांनी वृत्तपत्रांत पत्रे लिहून खरी हकीकत मांडली असती. तसे झाले नाही. चित्रपट दुरून बदनाम राहिला, आणि त्याने विचारलेला एकमेव चांगला प्रश्न, पोलीस काय करत होते हा, त्याच्याबरोबर हद्दपार झाला. उत्तर मिळायला १९६९ उजाडावे लागले. कपूर आयोगाचा अहवाल आज कोणालाही वाचता येतो. तो रूक्ष आहे, पुनरुक्तीने भरलेला आहे, आणि त्यातील साक्षी वाचताना रात्र केव्हा सरते ते कळत नाही. त्यावर बेतलेला पोलीस तपासाचा चित्रपट मराठीत निघालेला आमच्या तरी पाहण्यात नाही.